नेमाक्काच्या मनगटावरचा बिब्बा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते मला विचारू नका, कारण आमच्या पळसदऱ्यात वर्षं कुणी मोजलीच नाहीत. नदीला पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. गाव नदीच्या अलीकडे, पलीकडे नुसता माळ. माळावर एक झोपडी होती. त्या झोपडीकडे बघून कुणी बोट करत नसे, आणि लहान पोरांनी केलंच तर आई ते बोट खाली घ्यायला लावी. झोपडीचं पुढं येईलच. आधी नेमाक्काचं ऐका, आणि मधे बोलू नका, नाहीतर मी उठून जाईन.

नेमाक्का ही कासारीण. तिचा नवरा बांगड्यांचा माल आणायला लांबच्या पेठांना जायचा आणि महिना महिना तोंड दाखवायचा नाही. नेमाक्का डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन घरोघर फिरायची. गावातल्या एकूण एक बाईचा हात तिच्या हातातून गेलेला. सासूचाही आणि सुनेचाही, गढीवरचाही आणि शिवेवरचाही. तिच्या हातात काच कधी पिचकली नाही, असं म्हणतात. आता कासारीण म्हटल्यावर एखादी तरी पिचकली असणारच, पण गाव असं म्हणतं, तर मीही म्हणते.

बांगडी भरताना हात कसा धरतात, ठाऊक आहे ना? पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबायचा, अंगठ्याचं हाड आत वळवायचं, कातडी मागं सारत सारत बांगडी वर चढवायची. असा हात आपल्या नवऱ्यानंही कधी धरलेला नसतो. त्यामुळं नेमाक्काला बायकांची कातडी पाठ झाली होती. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ दिसले आणि बाई म्हणाली की, अंधार पडला की खाज सुटते नि घरात सगळीच खाजवतात, तर ती खरूज. मग नेमाक्का म्हणायची, "एकटीनं औषध लावून काही व्हायचं नाही बाई. खोबरेलात गंधक कालवून घरातल्या सगळ्यांनी लावा, अन् कपडे, वाकळा उकळत्या पाण्यातून काढा." कोपराच्या आत कातडी जाड होऊन पाझरत असली, बरी होऊन परत परत येत असली, तर ते इसब. त्याला ती राखेनं हात घासायची बंदी करायची आणि आंघोळ झाली की ओल्या अंगालाच तेल चोळायला सांगायची. गांधी उठून दुपारपर्यंत आपोआप बसल्या, तर ते पित्त. कडेनं लाल आणि मधे साफ असं गोल चकंदळ असलं, तर गजकर्ण. हे सगळं ती हळू आवाजात सांगायची. शेजारणीला ऐकू जाऊ द्यायची नाही, कारण अंगावर काही उठलं की आपल्याकडे माणसाचं आधी नाव खराब होतं आणि औषधाचं नंतर बघतात. हे अजूनही तसंच आहे, उगीच माना हलवू नका.

मनगटाला हात लावला की तिला माणसाच्या पोटातलं दुखणं कळायचं, असंही म्हणतात. ते काही मला माहीत नाही. कातडीवरचं कळायचं, एवढं मात्र खरं.

आता भागूआत्या. भागूआत्या बिचारी तरुणपणीच विधवा झाली आणि लेकीला घेऊन भावाच्या घरी, म्हणजे इथं पळसदऱ्यात परत आली. लेकीचं नाव चंद्रा. भावाची बायको बाळंतपणात गेली तेव्हा त्याची तान्ही पोर हौसा, तीही हिच्याच ओटीत आली. दोघींना तिनं एका ताटात वाढवलं. चंद्रा मोठी. तिचं लग्न ठरलं, आणि लग्नाच्या तोंडावर तिला नागीण झाली. नागीण म्हणजे ते फोड, अंगावर पट्ट्यानं उठतात ते. चंद्राच्या कमरेभोवती ते फिरत गेले. त्या दुखण्यातच पोर गेली. भागूआत्यानं त्यानंतर जात्यावर बसून कधी ओवी म्हटली नाही. तिचा सगळा जीव उरलेल्या एकीत, हौसात गोळा झाला होता.

आमच्या गावात तेव्हा एक रीत होती. लग्न ठरलं की नवऱ्या मुलीच्या कमरेला आत्यानं काळा दोरा बांधायचा. दोऱ्यात बिब्बा ओवायचा. दृष्ट लागू नये म्हणून. लग्न लागेपर्यंत तो दोरा सोडायचा नाही, काही झालं तरी नाही. बिब्बा आत्यानंच आणायचा आणि आत्यानंच ओवायचा. आत्या जवळ नसली, तर आईनं.

तुम्ही म्हणाल, बिब्बा तर उततो. अहो, ते काय त्यांना ठाऊक नव्हतं? बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, हे तेव्हाच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पायाच्या भेगेत बिब्बा भरताना बायका हाताला आधी खोबरेल चोपडून घ्यायच्या. पण तो औषधाचा बिब्बा. हा दृष्टीचा. ह्याला हळद-कुंकू लावलेलं, ह्याच्यापुढं दिवा ओवाळलेला. देवघरातल्या देवानं कुणाला चावलंय का कधी? तसा हा बिब्बा उतेल, असं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. शिवाय बाकीच्या आत्या फेरीवाल्याकडचा सुकून कोळसा झालेला बिब्बा घ्यायच्या. त्यात तेल राहिलेलंच नसायचं. मग तो उतणार कुठून?

भागूआत्याची माया जास्त. ती फेरीवाल्याकडून घेईना. ती स्वतः रानात गेली, झाडाखालचे टपोरे, ताजे, काळे कुळकुळीत बिब्बे वेचून आणले. दाभण तापवून लाल केलं आणि बिब्ब्यातून आरपार घातलं, तेव्हा चर्र झालं आणि तेल दोऱ्यात उतरलं. दोरा काळाच, त्यामुळं कुणाला दिसलं नाही. तिच्या हाताला तर दिवसभर खोबरेलच असायचं. तिनं तो दोरा हौसाच्या कमरेला बांधला आणि पोरीच्या कानशिलावर बोटं मोडली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हौसाला कमरेला खाज सुटली. मग आग. मग लाल पट्टा उठला आणि त्यावर पाण्यानं भरलेले फोड. भागूआत्यानं परकर सैल करून बघितलं आणि दार लावून घेतलं. चंद्राचं असंच सुरू झालं होतं.

म्हादू जाणत्याला बोलावलं. म्हादू हा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. सापाचं, विंचवाचं, गुराढोरांचं सगळं तोच बघायचा आणि कुणाकडून काही घ्यायचा नाही. त्यानं बघितलं आणि सांगितलं, नागीण आहे. तोंड आणि शेपूट अजून जुळलेली नाहीत. जुळली की माणूस जातो. त्यानं फोडांच्या पुढं तांबड्या कावेनं आडव्या रेघा ओढल्या, नागिणीला वाट मिळू नये म्हणून. नागीण रेघा ओलांडून गेली. मग त्यानं विळा तापवला आणि तिच्या तोंडापुढं डाग दिला. पोरीनं पदर दातात धरला, तो फाटला. ओरडली मात्र नाही, कारण घराबाहेर कळलं असतं आणि सोयरीक मोडली असती.

आणि भागूआत्यानं काय केलं, ते ऐका. तिला वाटलं, दृष्ट फारच कडक आहे. तिनं आणखी बिब्बे ओवले. फोड वाढले की आणखी एक बिब्बा, अजून वाढले की अजून एक. रोज त्याला हळद-कुंकू, रोज दिवा, आणि हात जोडून रडायची की माझ्या पोरीला सांभाळ. असं म्हणतात की शेवटी त्या दोऱ्यात बिब्ब्यांची माळच झाली होती.

आता झोपडीचं. गावाची समजूत अशी होती की नागिणीचं तोंड-शेपूट गावात जुळलं, तर ती त्या घरातलं दुसरं माणूस धरते. म्हणून जुळायच्या आधी त्या माणसाला बाजल्यावर घालून नदीपलीकडे न्यायचं आणि त्या झोपडीत ठेवायचं. पाण्याचं मडकं, भाकऱ्या, आणि बाजलं. परत कुणी जायचं नाही. गावानं हे केलं, आपल्याच लेकी-सुनांना केलं. आजोबांनी केलं, पणज्यांनी केलं, आणि करून घरी येऊन आंघोळ करून जेवले. चंद्रालाही असंच नेलं होतं.  

हौसाला न्यायचं ठरलं. हौसाचा बाप भिंतीला टेकून बसला तो उठेचना. पण पोर बिनलग्नाची जायला नको, म्हणून तिकडं नेण्याआधी हात भरायचे, हिरवा चुडा घालायचा, ही पण रीत. तेवढ्यासाठी नेमाक्काला बोलावलं.

नेमाक्का आली, पेटी उतरवली, हौसाचा पंजा हातात घेतला आणि बांगडी न भरता तशीच थांबली. पोरीच्या बोटांच्या शेंड्यांवर फोड. हाताच्या आतल्या अंगावर फोडांची एक रेघ, जणू कुणी दोरीनं फटका मारावा तशी. नेमाक्का म्हणाली, "कमरेला काय बांधलंय?"

"दृष्टीचा दोरा," भागूआत्या म्हणाली.

"बघू."

पुरुषांना बाहेर काढलं. नेमाक्कानं पोरीची कंबर बघितली. परकराच्या नेफ्यावर काळे डाग बघितले. मग मागं सरून बसली आणि पदरानं हात पुसले. 

"भागू," ती म्हणाली, "नागीण मी बघितली आहे. ती अंगाची एकच बाजू धरते. डावी तर डावी, उजवी तर उजवी. पाठीचा कणा अन् बेंबी ती ओलांडत नाही. फोड यायच्या आधीच तिथं ठणकतं. अन् ती तोंड-शेपूट कधी जुळवत नाही, पंधरा-वीस दिवसांत आपली आपण वाळून जाते. ही नागीण नाहीच. हा बिब्बा उतलाय. दोरा काढ."

भागूआत्यानं तिचा हात झिडकारला. "दोरा काढला तर पोर हातची जाईल. माझी एक गेली, ही पण घालवू म्हणतेस? कासारीण आहेस, बांगड्या भर अन् जा."

बाहेर म्हादूनं ऐकलं, त्याला हसू आलं. गावातली चार माणसं होती, तीही म्हणाली की देवाच्या बिब्ब्याला नावं ठेवू नये. बाजलं दारात आणून ठेवलेलं होतं.

नेमाक्का भांडली नाही. भांडून ही माणसं ऐकणार नाहीत, हे तिला कळलं. तिनं काय केलं असेल? तिनं त्यांच्याच रीतीत हात घातला. ती म्हणाली, "बरं, दृष्टच आहे म्हणता ना? मग ही दृष्ट मी घेते. दोरा सोडून टाकायचा नाही, पण दुसऱ्यानं आपल्या अंगावर घेतला तर चालतो ना?"

म्हादू विचारात पडला. दुसऱ्याची दृष्ट अंगावर घ्यायची रीत होती. आई लेकराची घ्यायची, बायको नवऱ्याची. पण परकी बाई, तीही नागिणीसकट, असं आजवर कुणी घेतलं नव्हतं. त्यानं होकाराची मान हलवली. भागूआत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं स्वतःच्या हातानं हौसाच्या कमरेची गाठ सोडली, आणि नेमाक्कानं तो बिब्ब्यांचा दोरा वेढे घेऊन आपल्या डाव्या मनगटाला बांधला. उजव्यानं बांगड्या भरायच्या होत्या, म्हणून डाव्या.

मग तिनं भागूआत्याला सांगितलं, "रिठ्याच्या पाण्यानं हिची कंबर हलकी धू. हिचा परकर, लुगडं, अंथरूण उकळून काढ. थंड पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं ठेव, वाळलं की परत भिजव. आग कमी झाली की खोबरेल लाव. फोड फोडू नको, ते कातडीचं झाकण आहे. अन् मला एक वचन दे, परत बिब्बा बांधायचा नाही, मी सांगेपर्यंत."

भागूआत्यानं वचन दिलं. त्या वेळी तिनं काहीही दिलं असतं.

झालं, हौसाचे फोड वाळायला लागले. आग निवली. पोरीला बऱ्याच दिवसांनी पोटभर झोप लागली. आणि इकडे नेमाक्काच्या मनगटाला खाज सुटली, मग आग, मग फोड. हात कोपरापर्यंत सुजला. नेमाक्का हात वर धरून चावडीपुढं गेली आणि म्हणाली, "बघा. दोरा तिच्या अंगावरून निघाला, ती बरी झाली. माझ्या अंगावर आला, मला उतला. आता तरी पटलं?"

तुम्हाला काय वाटतं, पटलं असेल? आता सगळं सरळ झालं असंच वाटतंय ना तुम्हाला? मलाही पहिल्यांदा ऐकताना तसंच वाटलं होतं.

गाव म्हणालं, नागीण हौसाला सोडून नेमाक्काला लागली.

म्हादूनं मनगट बघितलं आणि तो दोन पावलं मागं सरला. मनगटाचा घेर तो केवढा. तिथं तोंड-शेपूट जुळायला कितीसा वेळ? बघता बघता बातमी घरोघर गेली. ज्या बायकांचे हात नेमाक्कानं वर्षानुवर्षं आपल्या हातांत घेतले, त्यांनी दारं लावून घेतली. नवरा माल आणायला गेलेला, तिच्या बाजूनं बोलायला कुणी नाही. आणि हौसासाठी दारात आणलेलं जे बाजलं होतं, त्याच बाजल्यावर गावानं नेमाक्काला घातलं आणि नदीपलीकडे नेलं.

ऐकलंत ना? जिनं पोरीला वाचवलं, तिलाच उचललं. बांधून नाही हां, वाईट वागवून नाही. हात जोडून, पाया पडून, रडत रडत नेलं. गावाच्या वाटेची दृष्ट घेतलीस, देवमाणूस आहेस, असं म्हणत नेलं. नदीला तेव्हा पाणी होतं, आणि बाजलं जाताना नदीनं वाट करून दिली असं म्हणतात. मी म्हणते, नदीला एवढी अक्कल होती तर तिनं वाट दिलीच नसती.

 झोपडीत शिरताना नेमाक्कानं एवढंच म्हटलं, "भागूला वचनाची आठवण द्या."

पुढं हौसाचं लग्न नव्यानं धरलं. सोयरे चांगले निघाले, थांबले होते. मुहूर्त जवळ आला तशी भागूआत्या कासावीस झाली. पोर बिब्ब्याशिवाय मांडवात जाणार, हे तिला सोसेना. वचन मोडायचं तर नेमाक्का पलीकडे आपल्या वाटेचं भोगतेय, तिची शपथ. दोन्हीकडून कात्री. मग तिला एक वाटलं. पोरीला बांधायचा नाही, पण पोरीच्या नावानं आपण बांधून घेतला तर? नेमाक्कानं नाही का घेतला? तिनं ताजा बिब्बा ओवला, दिवा ओवाळला आणि दोरा स्वतःच्या दंडाला बांधला, चोळीच्या बाहीच्या आत, जिथं तेलाचा हात कधी पोचला नव्हता.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी पापड लाटता लाटता तिच्या दंडाला आग सुटली. तिनं बाही वर केली. लाल पट्टा, आणि त्यावर फोड. जिथं दोरा, तिथंच फोड, आणि जिथं बिब्बा टेकला होता तिथं सगळ्यांत मोठा.

ती उठली. लाटणं हातात तसंच होतं. ती बायकांना म्हणाली, "मला कुणाची दृष्ट लागणार? मी विधवा बाई, मला कोण बघतंय?" कुणाला काही कळेना. ती तशीच नदीकडं निघाली आणि पाण्यात शिरली. मागून तिचा भाऊ, म्हादू, निम्मं गाव धावलं, पण झोपडीकडं जायला कुणी धजेना, सगळे पाण्याच्या काठाशीच थांबले. ती एकटी पलीकडं गेली.

नेमाक्का झोपडीच्या दारात बसली होती. जिवंत. असं म्हणतात की तिला माळावरच्या हरणांनी पाणी आणून दिलं. हरणं पाणी कशात आणणार ते मला विचारू नका. हाताची सूज उतरलेली, फोड वाळून खपली पडलेली, आणि मनगटाभोवती काळा वळ तेवढा राहिलेला. तिनं दोरा झोपडीत आल्या दिवशीच सोडून जाळला होता, धुरापासून लांब उभं राहून.

भागूआत्यानं आपला दंड तिच्यापुढं धरला.  मग म्हणाली, "नेमाक्का, खरं सांग. चंद्रेला पण मी असाच ताजा वेचून आणला होता. लई मायेनं आणला होता. तिला पण तोच का?"

तुमच्याकडं काय उत्तर आहे ह्याला?  नाही म्हणाली असती तर भागूआत्यानं मान्य केलं असतं. पण नाही म्हटलं असतं, तर उद्या परत कुणीतरी रानात जाऊन ताजा बिब्बा वेचला असता.

"हो भागू," नेमाक्का म्हणाली. "तोच."

भागूआत्या सरळ झोपडीत गेली. आत जुनी बाजली एकावर एक पडली होती. त्यांतलं एक तिनं ओळखलं, कारण त्याची सुंभाची वीण तिनंच घातली होती. त्याच्या माचव्यावर तिनं हात फिरवला. मग बाहेर आली, नेमाक्काचा काळा वळ असलेला हात धरला, आणि दोघी पाण्यातून चालत अलीकडं आल्या. काठावरची माणसं मागं मागं सरत होती.

भागूआत्यानं बाही वर केली आणि एकेकापुढं जाऊन दंड दाखवला. "ही नागीण मी बांधली. ह्याच हातानं. हौसाला बांधली, चंद्रेला बांधली. तुम्ही कुणाकुणाला बांधली ते आठवा." आणि नेमाक्का म्हणाली, "ज्यांना खरीच नागीण झाली होती, तीही वाळली असती. घरी ठेवायची होती फक्त."

 प्रत्येक घराला आपलं आपलं माणूस आठवलं. कुणाला बहीण, कुणाला भावजय, कुणाला आई. भाकरी आणि पाण्याचं मडकं ठेवून आपण मागं न बघता आलो, ते आठवलं. त्या माणसानं हाक मारली होती का, ते आठवलं. म्हादू वाळूत बसला तो सूर्य कलला तरी उठला नाही; त्यानं आपल्या धाकट्या भावाला नेलं होतं. शेवटी नेमाक्कानंच त्याला हात देऊन उठवलं. तो तिच्या हाताकडं बघत राहिला, कारण त्या हाताला हात लावायला गाव भीत होतं आणि तीच पुढं करत होती.

दुसऱ्या दिवशी हौसाचं लग्न लागलं. वाजंत्री लावली नाही. हौसाचे हात नेमाक्कानं भरले, कमरेला काही बांधलं नाही. हौसा सासरी गेली, लेकरांची आई झाली, आणि म्हातारी होऊन मेली. झोपडी गावानं पाडली. तिथली बाजली मात्र जाळली नाहीत. ज्याची त्यानं ओळखून घरी आणली, आणि ती पुढं कितीतरी वर्षं अंगणात होती, त्यांवर कुणी झोपत नसे.

नेमाक्का कशी गेली, कधी गेली, ते कुणी नीट सांगत नाही. तिच्या मनगटावरचा काळा वळ शेवटपर्यंत गेला नाही, आणि त्या वळाला हात लावून बायका आपल्या अंगावरचं दुखणं न लाजता सांगायच्या, असं म्हणतात. शिव ओलांडून दुसऱ्या गावच्याही यायच्या. कुणी म्हणतं, ती मेल्यावर तिच्या हातातला चुडा उतरवताना एकही काच फुटली नाही.

आमच्या गावात आजही बांगड्या भरायला कासारीण आली की पोरी बाह्या कोपराच्या वर सारून बसतात, काही लपवत नाहीत. आणि अंगाला लावायचं काहीही असो, लेप, तेल, पाला, ते देणाऱ्यानं आधी आपल्या मनगटाला लावायचं आणि दोन रात्री वाट बघायची. दवाखान्यातली नर्सबाई पहिल्यांदा आली आणि मलमाची ट्यूब पुढं केली, तर म्हाताऱ्या म्हणाल्या, आधी तुझ्या हाताला. ती बिचारी हसली, पण लावलं तिनं. मग तीच म्हणाली, नवीन मलम असलं की जरा हाताला लावून बघावं, हे आम्ही पण सांगतो. फक्त आजारी माणसाच्या हाताला. म्हाताऱ्यांनी तेवढी सुधारणा मान्य केली. आता दोघांच्याही हाताला लावतात.

लग्नातला काळा दोरा मात्र राहिलाय. त्यात बिब्बा नसतो, नुसता दोरा. तरीही लग्नाच्या आधी आत्या तो स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधून ठेवते. त्या दिवसांत ती पापड लाटते, पाहुणे बघते, रुखवत मांडते, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिचं मनगट उचलून बघते. मुहूर्ताच्या सकाळी आत्या दोरा सोडते, हात उजेडात धरते, आणि हात स्वच्छ निघाला तरच पोरीला जवळ बोलावते.